शेऱ्याचा रकाना

माझ्या वहीत सहा रकाने आहेत :
नाव, फोन, खोल्या, भाडं, कधीपासून.
सहावा शेऱ्याचा. तो पेन्सिलीनं भरायचा,
असं पोतनीसकाकांनी शिकवलं,
ज्यांच्याकडून मी ही एजन्सी घेतली
टेबल, पंखा आणि खुणांसकट.

खुणा साध्या आहेत.
टिंब म्हणजे कुठंही चालेल,
कर्वेनगर, सहकारनगर, अगदी प्रभात रोडसुद्धा.
आडवी रेघ : मासे शिजतात.
फुली : कोंढव्याकडचं दाखवा.
काना म्हणजे एकटी बाई.
दोन काने म्हणजे दोन पुरुष,
भाऊ आहोत म्हणतात, आडनावं वेगळी.

मालक कधी वावगं बोलत नाहीत.
पुण्यात कोण वावगं बोलतं?
"आमचं तसं काही नाही हो,
सोसायटीचं बघावं लागतं."
किंवा, "तुम्हाला कळतंच की."
किंवा नुसतं, "माणसं बघून द्या."
तीस वर्षं मी माणसं बघून देतोय.
पाणी म्हणतो की पानी,
चप्पल कुठं काढतो,
गावाचं नाव सांगताना किंचित थांबतो का.

मार्चात फोन आला.
"इनामदार बोलतेय. ससूनला डॉक्टर आहे, भूल देते."
न आणि ण जागच्या जागी.
मी टिंब दिलं.

कर्वेनगरच्या ओगलेबाई खूश.
"इनामदार म्हणजे सासवडचे का?"
"सासवडचेच," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.
कोकम सरबत आलं.
पश्चिमेचा वारा, गॅलरीतला सोनचाफा दाखवून झाला.
पेला हातात देता देता बाईंनी विचारलं,
"आणि नाव काय गं तुझं?"
"रुबिना."

पेला दिला बाईंनी. तेवढ्या त्या सुसंस्कृत.
फक्त सोनचाफ्याचं पुन्हा कुणी काढलं नाही,
आणि ह्यूस्टनचा भाचा
अचानक जूनमध्ये कायमचा परत यायचा ठरला.

जिन्यात तिनं विचारलं, "भाचा खरा आहे?"
"खरा आहे. दर वर्षी कायमचा येतो."
ती हसली. मला वाटलं, सुटलो.

खाली स्कूटरच्या सीटवर वही उघडी पडली होती.
"माझ्या नावापुढं हे टिंब कसलं?"
"पाणी," मी म्हणालो. "चोवीस तास."
तिनं वहीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं,
हेल्मेटचा बंद लावला.
रात्रपाळी होती तिची.
टेबलावरच्या माणसाला उलटे आकडे म्हणायला लावायचे असतात,
दहा, नऊ, आठ.
सातापर्यंत सहसा कुणी पोचत नाही म्हणे.

संध्याकाळी मी टिंब खोडलं, फुली मारायला.
खोडरबरानं कागद इतका झिजला
की मागच्या पानावरचं कुणाचंतरी डिपॉझिट दिसू लागलं.
पेन्सिल टेकवली असती तर आरपार गेली असती.
तो रकाना तसाच आहे अजून.

काकांची जुनी वही मी एकदाच उघडली होती.
एकोणनव्वद साल.
भानुदास खिरीड. एक खोली, धनकवडी, दीडशे रुपये.
शेरा : पोरगा बरा आहे, पण

पुढं काही नाही.
रेघ नाही, फुली नाही.
त्यांना मध्येच फोन आला असेल.
किंवा मीच दारात उभा राहिलो असेन,
चप्पल कुठं काढायची ते न कळून.