वहिवाट

साखळी क्रमांक ४१/६०० ते ४२/२००.
पुण्यातल्या आमच्या कचेरीतल्या नकाशावर
एवढा तुकडा कोरा आहे.
झाड नाही, विहीर नाही, घर नाही.
सातबाऱ्यावर त्याला पोटखराबा म्हणतात,
म्हणजे जिथं काही पिकत नाही.

तिथं पवन्या आणि मारवेल गुडघाभर उभं होतं
आणि गेनबा कोळपे मेंढरं सोडून
माझ्या मोजणीच्या तिपाईकडे बघत होता,
लग्नात न बोलावलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं.

"ताई, ही रेघ कुणाची?"
सरकारची, म्हटलं.
"आन् ही?"
त्यानं काठीनं दाखवली.
धुळीत ठसे, एकामागं एक, एका दोरीत,
टेकडीपासून थेट ओढ्यापर्यंत.
"कुत्रं असं चालत न्हाय. हुंगत, रेंगाळत जातं.
ह्याला ठावं असतं कुठं जायचंय."
मग जरा थांबून
त्यानं लांडग्याला आईवरून शिवी दिली.
गेल्या पोळ्याला दोन कोकरं नेली होती.
"पर वाट त्याचीच. माझ्या आज्याच्या आधीपासनं."

मी दोन्ही रेघा कागदावर घेतल्या.
४१/८४० ला त्या एकमेकींना छेदतात.

बैठकीत म्हटलं, इथं भराव नको,
खांबांवर पूल घेऊ,
सहाशे नाही तर दीडशे मीटर तरी,
खालचं गवत आहे तसं राहू द्या.
ओगलेसाहेबांनी खर्चाचा आकडा बघितला, चष्मा काढला :
"लांडगा टोल भरणार आहे का?"
सगळे हसले.
मीही हसले. ते अजून जात नाही मनातून.
"मोरी टाका ना. बाराशे मिलिमीटरचा पाइप. जाईल वाकून."

वाकून.

बांधावरच्या रस्त्यासाठी तहसिलीत भांडणारे
किती पाहिलेत मी.
वीस वर्षं बैलगाडी जातेय, साक्षीदार आहेत,
मातीत चाकोरी आहे.
मामलेदार निकाल देतो, वहिवाट सिद्ध,
अडवता येणार नाही.
चार पायांच्या चाकोरीला साक्षीदार
एकटा गेनबा, आणि तोही शिव्या देणारा.
इतर हक्कांच्या रकान्यात
असलं नाव चढवायला तलाठ्याकडे जायचं कुणी?

माघात सासवडहून परतताना
स्कूटरच्या उजेडात रस्त्यावर काहीतरी पडलेलं दिसलं.
कुत्रं असावं, असं मला फार वाटत होतं.
मी थांबले. टॉर्च लावला.
मादी होती. आचळं भरलेली.
रस्ता चौपदरी. तिनं तीन ओलांडले होते.
पदर म्हणतो आपण त्यांना.
कुणी कुणाला घेतलंय का कधी
त्यांच्याखाली.

एका ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. मी बाजूला झाले.

माझ्या टिपणीवर शेरा आला : चर्चा करावी.
चर्चा झाली नाही.
नोटीस मात्र निघाली, हरकती व सूचना,
मुदत तीस दिवस, लेखी स्वरूपात,
ग्रामपंचायतीच्या फळ्यावर डकवली, गोंद ओला असताना
एका शेळीनं तिचा खालचा कोपरा खाल्ला.

चौदाव्या दिवशी हद्दीचे दगड तपासायला गेले.
४१/८४० चा दगड आम्ही नवाच रोवलेला,
चुन्याचा, पांढरा फेक.
त्याच्या एका अंगावर पिवळा ओघळ,
अजून ओला, नाकात जाणारा,
आणि समोरचं गवत मागच्या पायांनी
खसाखसा उकरलेलं.
गेनबा पोट धरून हसला.
"सही केली की त्यानं!"

मी तारीख मोजली. मुदतीच्या आत होती.

दगडाशेजारीच बसले, मांडीवर रजिस्टर उघडलं,
नवं, एकही ओळ न भरलेलं.
आवक क्रमांक : एक.
विषय : रस्ता अडवल्याबाबत हरकत.
अर्जदाराचं नाव
बराच वेळ सुचेना, ते तसंच सोडलं.

पत्ता : पोटखराबा.