ताण

महालातल्या शाळेत, पेपर तपासणीच्या खोलीत
कूलरचा पंप सकाळीच गेलाय.
शेषराव बादलीनं टाट्यांवर पाणी मारून जातो,
दहा मिनिटं वाळ्याचा वास,
मग पुन्हा नुसता वारा,
भट्टीत शेकून काढलेला.

प्रश्न पाचवा. भूमध्य सागरी हवामान, एका बेटाच्या उदाहरणासह. गुण चार.
एकोणचाळीस जणांनी तेच लिहिलंय:
उन्हाळे कोरडे, पाऊस हिवाळ्यात, ऑलिव्ह, द्राक्षं.
लाल पेन आपोआप चालतं.

चाळिसावा पेपर कुणाचा, कळायला मार्ग नाही.
नुसता बैठक क्रमांक.
पण वाक्यं काटोलकडची.

“सिसिली बेटाला तीन कोपरे आहेत.
माती काही ठिकाणी आमच्यासारखी काळी, कारण तीही लाव्ह्याची.
उन्हाळाभर पाऊस नाही. नाल्यात नुसते गोटे.
आफ्रिकेतून सिरोको येतो, मग वाळत घातलेल्या कपड्यांवर लाल धूळ बसते.
तिथं संत्र्याला ताण द्यावा लागत नसेल,
उन्हाळाच देत असेल.
आमच्याकडे बाबा एप्रिलात पाणी तोडतात.
पानं वळली तरी सोडत नाहीत.
आई रात्री चोरून एका झाडाला बादली घालते.
त्या झाडाला बहार येत नाही.”

इथंच उत्तर संपलंय.
खाली अर्धं पान कोरं.

तिथंही बागांना पाणी द्यावंच लागतं, बाळा,
हे समासात लिहायची परवानगी नाही.

मी समुद्र एकदाच पाहिला, पुरीला,
मुलगी सात वर्षांची असताना.
ती लाटेत शिरायला निघाली, मी दंडाला धरून ठेवलं.
बेट म्हणजे चारी बाजूंनी पाणी,
हे मी तेवीस वर्षं शिकवतेय
अशा गावात, ज्याच्या चारी बाजूंनी
जमीनच जमीन,
झिरो माइलच्या दगडापासून जिकडे जावं तिकडे.

माझ्या बागेत एकच झाड होतं.
मी दिवसा पाणी तोडलं
आणि रात्री बादली घेऊन उठलेही.
ती आता फोनवर हवामान सांगते, तिकडचं,
दुसरं काही नाही.

“मॅडम, या चाळिसाव्यावरच किती वेळ?” राहांगडाले सर विचारतात.
तीन देते.
एक कापला, ऑलिव्ह नाही म्हणून.
नमुना उत्तरात ऑलिव्ह आहे.

शेषराव दारात उभा, बादली काठोकाठ.
“मारू का जी, मॅडम?”
बाहेर त्रेचाळीस.
त्याला लगेच हो म्हणवत नाही.