उपाशी नमुना

सोहारच्या दवाखान्यात सकाळी सहापासून
माझ्यासमोर दंड उघडे होतात.
मूठ वळा, म्हणते मी पाच भाषांत,
आणि सुई टोचताना पाचही भाषांतली माणसं
भिंतीकडेच बघतात.

नळ्या गरगर फिरून थांबल्या की
तांबडं खाली बसतं, वर पिवळं सीरम,
उन्हात धरलेल्या गोडेतेलासारखं.
पण नोआखालीच्या तोफज्जलची नळी आज पांढरी.
ताकाची निवळी नाही, ताकच.
एकोणतीस वर्षांचा. गालफडं बसलेली,
कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेली दोन जादा भोकं.
"आपा, तूप तर दोन वर्षांत डोळ्यांनी पाहिलं नाही."
भात, डाळ, रात्रपाळी, चार चमचे साखरेचा चहा, पुन्हा भात.

त्याच्यामागे झुवैना बिंत सालिम,
खुर्चीत न मावणाऱ्या, हलव्याचा डबा घेऊन आलेल्या.
त्यांचं चांगलं कोलेस्टेरॉल चौसष्ट!
अल्हम्दुलिल्लाह म्हणून हसतात
आणि हातमोजे घातलेल्या मला घास भरवतात.

अहवालावर रकाना मात्र एकच: सामान्य मर्यादा.
यंत्राबरोबर खोक्यातून आलेली,
कुठल्या थंड गावातल्या रक्तावरून आखलेली
कोण जाणे.
डॉक्टर बलुशी शेजारी पेनाने लिहितात, दक्षिण आशियाई,
आणि खाली दोन रेघा ओढतात.
म्हणजे, मनगट बघून फसू नका.
इन्सुलिन दारावर थापा मारतंय
आणि आतून कुणी उठत नाहीये.

माझे आप्पाही असेच किडकिडीत.
देवरुख डेपोत, तिकिटांची पेटी काखेत,
सेहेचाळिसाव्या वर्षी गाडीच्या पायरीवर बसले ते बसलेच.
एवढा सडपातळ माणूस, नजर लागली, म्हणाले लोक.
आई अजून तेच म्हणते.

गेल्या महिन्यात मी माझीच नळी लावली,
नावाच्या जागी नुसता आकडा टाकून.
एलडीएल एकशे अठ्ठ्याण्णव. पाळी जाऊन दीड वर्ष.
टीएसएच सतरा.
पुन्हा लावली. सतराच.

दोन वर्षं मी जिला घराची ओढ समजत होते,
ते संध्याकाळी पाय जड होणं, एसीत हुडहुडी,
कोळ्यांच्या होड्या परतताना उगाच डोळे भरणं,
ती गळ्यातली एक पेंगुळलेली ग्रंथी होती.
निदान थोडी तरी.
हसू आलं. मग वाईट वाटलं
की गोळीने हेही जाईल.

आता फजरच्या अजानला उठते.
अनशापोटी गोळी, पुढे तासभर चहा नाही.

काल तोफज्जलचा फोन.
साखर दोन चमच्यांवर आणलीय, आपा,
रात्रपाळी काही सुटत नाही.
मी म्हटलं, गावी धाकट्या भावाचंही रक्त तपासून घे.
तो म्हणाला, त्याला कशाला, आपा,
तो तर माझ्याहून बारीक आहे.