छाप

डिझेलमध्ये बुडवलेलं फडकं दे
आणि शाळेतली पेन्सिल, टोक बोथट झालेली.
बाकीचं मग पाहू, म्हटलं सुमेधला
आणि पोतं अंथरून शिरलो जीपखाली
वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी,
घाटंजीत, रफीक मिस्त्रीच्या शेडात,
मार्चच्या दुपारी, पत्रे तडतडत असताना.

वरून सगळं देखणं होतं.
रुंद टायर, पुढं विंच,
कपाळावर सहा दिव्यांची ओळ,
रंग ऐन शिमग्यातल्या पळसाचा.
"नाल्यातून अशी निंगते साहेब, जशी म्हैस,"
रफीक सांगत होता पुतण्याला, माझ्याकडे बघत.
"आन कागद?"
"हायेत ना. कागदाले काय झालं?"

कागदाला काहीच होत नाही.
चौतीस वर्षं मी यवतमाळच्या त्या कचेरीत
कागदाला काही होताना पाहिलं नाही.

आरसी बुक साडीच्या दुकानाच्या पिशवीत.
इंधन : पेट्रोल. रंग : हिरवा. दारं : नाहीत.
पहिला मालक तेंदूपत्त्याचा ठेकेदार,
दुसरा कोणी आत्राम, पारव्याचा,
तिसऱ्याच्या नावावर शाई सांडलेली.
आणि इथं बोनेटखाली
भलत्याच गाडीचं डिझेल इंजिन बसलंय
जावई बसावा तसं, पाय पसरून.
गिअरबॉक्स लिलावातला. धुरा कुठला, रफीकलाही आठवेना.
दारं आहेत. दोन.

"मंग यातली जीप कोनती, काका?"
सुमेधला वाटलं, त्यानं गंमत केली.
पण कायद्यापाशी याचं उत्तर आहे :
उजव्या चाकाजवळ, दांडीच्या लोखंडात
ठोकलेले आकडे,
तेवढी जीप.
बाकी सगळं तिनं अंगावर घातलेलं.

फडकं फिरवलं. पळसाखाली पांढरा निघाला,
पांढऱ्याखाली हिरवा, हिरव्याखाली गंज,
गंजाखाली लोखंड, थंडगार.
कागद धरला, पेन्सिल आडवी केली,
लहानपणी चार आण्यावर धरायचो तशी,
आणि काळ्या ढगातून एकेक आकडा वर आला.
पाच. शून्य. दोन. सात, की एक? सातच.
शेवटी तीन.
इंग्रजी तीन, डावीकडून सताड उघडा.

बुकात आठ होता.

खाडाखोड केलेला तीन मी ओळखतो.
छिन्नीचा कोवळा घाव लपत नाही, चमकतो.
इथं तसं काही नव्हतं. लोखंड खरं बोलत होतं.
मग चष्मा पुसून बुकातला आठ पाहिला :
दोन शून्यं, एकावर एक,
दुकानातल्या बुंदीच्या लाडवांसारखी.
खाली दुय्यम प्रत, साल चौऱ्याण्णव.

असा आठ मी काढतो.
अजूनही. गॅसच्या पासबुकात, नातीच्या पाढ्यांत.

त्या दिवशी किती बुकं होती टेबलावर?
लाइट गेले होते का?
कोणी चहा आणला, कोणी नाव विचारलं,
आणि उघड्या तीनाचं दार मी लावून टाकलं.
तीस वर्षं ही बाई
माझ्या हस्ताक्षरात परागंदा झालेली फिरतेय,
पारवा, केळापूर, नाल्यानाल्यातून.

कॉलरवर तेलाचा थेंब पडला.
"जमते ना साहेब?" वरून रफीक.
त्याच्या चपला दिसत होत्या फक्त, आणि सुमेधचे नवे बूट.
सुमेधनं इसार दिला होता, मला न विचारता.

बाहेर निघायला हात द्यावा लागला दोघांना.
म्हटलं, इंजिन चढवलंस ते नोंदवलं नाहीस,
ते पाप तुझं, रफीक.
आठाचं माझं.
तो हसला. मग माझं तोंड पाहून थांबला.

कोरा कागद मागितला. बोनेट तापलं होतं,
म्हणून सीटवर ठेवून लिहिलं :
मी, खाली सही करणारा, प्रभाकर ताकसांडे,
सेवानिवृत्त वरिष्ठ लिपिक...
पुढं काय लिहायचं ते बराच वेळ सुचेना.
म्हणून आधी तारीख टाकली, अठ्ठावीस मार्च.
आठ मराठीत काढला.
तो बंद करायला जागाच नसते.