विमान जाईपर्यंत

कलिन्यात वाक्यं अर्ध्यावर सोडायची रीत आहे.
पागनीस सर फळ्यावर सिग्मा काढतात,
म्हणतात, "आता या सगळ्याचा अर्थ असा, की…"
आणि थांबतात. खडू हवेत.
छपरावरून विमान जातं, इतकं खालून
की पोटाची शिवण दिसावी.
मग सर 'की'पासून पुढे बोलू लागतात,
मधे काही घडलंच नाही असं.
सुरुवातीला वाटायचं,
अर्थ त्या विमानातनंच गेला
आणि बाकीच्यांना तो आधीच पोचलेला आहे.

त्याच्याही आधी दोन दिवस
मी चुकून पालीच्या वर्गात बसले होते.
कुणी उठवलं नाही.
शेजारी एक भिक्खू, त्यांनी आपली वही
न बोलता माझ्याकडे सरकवली.
एक अक्षर कळलं नाही
आणि ते मला बरोबरच वाटलं:
विद्यापीठ म्हणजे हे असंच असणार.
तिसऱ्या दिवशी बाईंनी विषय विचारला.
संख्याशास्त्र, म्हटलं.
हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ती पलीकडची इमारत.
पण आता तास संपेपर्यंत बस."
बसले.

खिडकी नंबर चार. जेवणाची सुट्टी दीड ते अडीच,
प्रत्यक्षात पावणेतीन.
मायग्रेशन, बोनाफाईड, तीन फोटो,
तिन्हींत मी वेगवेगळी घाबरलेली.
"मूळ कुठंय?" आतून आवाज.
"चंदगड," मी.
मागची रांग फिस्सकन हसली.
"कागदाचं विचारतोय, ताई."
कागदाचंही मूळ चंदगडलाच होतं,
पत्र्याच्या ट्रंकेत, काजूच्या पावत्यांखाली.
कुरिअरनं आलं तेव्हा
त्याला भाजलेल्या टरफलांचा वास होता.
साहेबांनी शिक्का मारला आणि
नकळत बोटं हुंगली.

खोलीत अफसाना तडवी, यावलची, भूगोलाची.
तिच्या डब्यात केळ्याचे वेफर्स, माझ्यात काजूचा तुकडा
(अख्खे विकायचे असतात, तुकडा घरी खायचा).
पहिला महिना आम्ही फक्त डब्यांतून बोललो.
एका रात्री ती झोपेत म्हणाली,
"तापी डावीकडं ठेव."
ठेवली.
दुसऱ्या दिवसापासून मी तिला अफू म्हणते
आणि ती मला काहीही म्हणते.

ग्रंथालयात बाविसाव्या टेबलाचा पाय हलतो.
कुणी बसत नाही, म्हणून ते माझं.
फीच्या पावतीची घडी घालून त्याखाली सारली आहे;
चार हजार आठशेचं
एवढं तरी भक्कम काही झालं.

मग दिवाळीआधी सर नमुन्यावर आले.
"सगळं मोजता येत नाही," म्हणाले.
"मग मूठभर घ्यायचं. पण कुठली मूठ?"
वर्ग गप्प. माझा हात
मला न विचारता वर गेला.
"सर, पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा.
तळातनं, कडेनं, मधनं.
वरचे काजू व्यापाऱ्यानं मांडलेले असतात,
ते खरं बोलत नाहीत.
माझी आई…"
पुढचं सांगायला
चिकानं काळी पडलेली तिची बोटं
मला इथल्या भाषेत सापडेनात.

सर थांबले. खडू हवेत.
मी वर बघितलं.
आकाशात काहीच नव्हतं.

परवा फोनवर आईला मेसचं सांगत होते,
वरण पातळ आहे, पण भात सुटा असतो,
आणि शुक्रवारी…
थांबले.
तिकडं तिनं हातातलं काम ठेवल्याचा आवाज.
"रडतीस काय गं?"
"नाही गं. विमान."
मग तीही गप्प राहिली,
दोघींच्या मधनं ते सावकाश जाईपर्यंत.
आणि अंगणापुढनं जीप गेल्यावर विचारते
तसंच तिनं विचारलं,
"कुणाचं?"