तीन मिलिमीटर

लक्ष्मीपुरीत जिन्याखाली माझं डीटीपी,
पाटी नाही; विचारत येतात लोक.
वडणग्याचे गुंडा चौगले आले,
किल्ल्यांच्या जुडग्यातून पेनड्राइव्ह सोडवत.
गुळाच्या खोक्याचं डिझाइन, पुतण्यानं मोबाइलवर केलेलं.

आधी फॉन्ट कर्व्ह केले,
नाहीतर प्रेसवर ऊकार गळतो.
मागं पाचशे खोक्यांवर 'गळ' छापून आलाय.
मग चारी बाजूंनी तीन मिलिमीटर रंग वाढवला.
"हे जादा कशाला?"
कापून टाकायला, म्हटलं.
सुरी हुकली तर कडेला पांढरं दिसू नये.
"म्हंजे टाकायचंच छापायचं?"
हो.
"मळीगत," म्हणाले, आणि काहिलीवरून झारा फिरवावा
तसा हात हवेत फिरवला.

शेवटी आरजीबीचं सीएमवायके.
पडद्यावरचा हळदीसारखा पिवळा गूळ
एका क्लिकमध्ये विझला:
तांबूस, जरा मळकट.
पिवळा चढवतो थोडा, असं म्हणणार होतो,
तोवर ते खुर्चीतून पुढं वाकले,
चष्मा कपाळावर सारून बघत राहिले.
"ऱ्हाऊ दे की.
पावडर न घातलेला असाच दिसतोय."

फाइलला नाव दिलं, नुसतं 'फायनल'.
पुढं आकडा लावला नाही.