डावं-उजवं

अन्सेल्मोंचा मॉनिटर मी टेकडीवर आणला
ब्लँकेटात गुंडाळून, बसमध्ये मांडीवर घेऊन.
ड्रायव्हरने आरशातून विचारलं, किती महिन्यांचं?
मी म्हटलं, सतरा इंची.

बंदराच्या जकात कचेरीत चौदा वर्षं
हा एकच पान दाखवत उभा होता, जहाजांचं वेळापत्रक.
मग कचेरीने भिंतीएवढा पडदा घेतला
आणि अन्सेल्मो, जाता जाता, चहाचा कप पिशवीत कोंबत म्हणाले,
घेऊन जा, सुनिल्दा, नाहीतर भंगारात.

निळ्या तोंडाची त्याची तार, पंधरा पिनांची.
माझ्या नव्या खोक्याला ती ओळखीची नाही.
उरुग्वाय रस्त्यावरून बोटभर जोडणी आणली,
सहा हजार पेसो.
दुकानदार म्हणाला, दुभाष्याची फी समजा.

स्क्रू बोटांनीच पिळले.
आधी काळोख, मग दोघांवर एकच चित्र:
तीच टेकडी, तेच पिवळे पत्रे, दोनदा.
तळमजल्यावरचा नावेल वर आला
(त्याला कॉम्प्युटर कळतो, दार वाजवणं कळत नाही),
म्हणाला, हे डुप्लिकेट झालं, तुम्हाला हवंय एक्स्टेंड.
एकाने दुसऱ्याची री ओढायची नाही.
एक जिथे संपतो, तिथून दुसऱ्याने सुरू व्हायचं.

एवढं वाक्य माझ्या नवऱ्याला
कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं.

मग तो घोळ.
मॉनिटर ठेवलाय डाव्या हाताला, खिडकीशी.
यंत्राची समजूत, तो उजवीकडे.
म्हणून बाण उजव्या कडेबाहेर ढकलायचा
आणि तो उगवायचा पार डावीकडे, खिडकीच्या काठावर.
पनामाचा कालवा नव्हता तेव्हा
आमच्या गावाला जहाजं अशीच यायची म्हणे,
दक्षिणेच्या टोकाला वळसा घालून, शिडांवर बर्फ घेऊन.

नावेलने 'ओळखा' वर क्लिक केलं.
दोन्ही पडद्यांवर उमटले भलेमोठे आकडे, १ आणि २,
शर्यतीतल्या पोरांच्या छातीवर असतात तसे.
मग दोन करडे चौकोन.
दोनला धरून त्याने एकच्या पलीकडे नेऊन सोडलं.
झालं.

यंत्राला डावं-उजवं असं शिकवावं लागतं.
कचेरीत ते सगळ्यांना उपजतच येत होतं.

तरी वरच्या कोपऱ्यात बाण अडतो.
हा बुटका, तो उंच,
जिथे कडा जुळत नाहीत तिथे न दिसणारी भिंत.
चौकोन थोडा खाली घेऊ? नावेल विचारतो.
राहू दे म्हटलं.
या टेकडीवर कुठल्या दोन घरांचे उंबरे जुळतात?

रात्री डावीकडे कोरं पान उघडलं
आणि पांढऱ्याच्या आत फिक्या रेघा दिसल्या.
जहाज. कुठून. धक्का. वेळ.
काचेत मुरलेले शब्द, पुसून न जाणारे.
जहाजांची नावं बदलत राहिली, ती काही उरली नाहीत.
रकाने उरले.

अन्सेल्मोंना पत्र लिहायला घेतलं:
चालतो. जरा पिवळट दिसतो, पण चालतो.
माझी ओळ आपोआप 'कुठून' च्या खाली जाऊन बसली.
पुढे काय लिहावं याचा विचार करत होते
तेवढ्यात डावा पडदा गेला.

पत्र तिकडेच.
उजवीकडे, खालच्या पट्टीवर, यंत्र अजून त्याचं नाव दाखवतंय,
उघडं आहे म्हणतंय.
तिकडे कुणी दिसेनासं झालंय, हे त्याला कळलेलं नाही.

मी टेबलाखाली, गुडघ्यांवर,
तोंडात टॉर्च धरून
तो एक स्क्रू चाचपते आहे.